आंघोळीची टोपी

फोन जवळ घे, पोट्टे. कॅमेरा काहून बंद केला? मावशीपासूनही डोकं लपवून राहिली? तुझे केस जायले लागल्यापासून अभनपूरहून इकडं माझ्याकडं आली नाहीस तू. आता गपचूप ऐक.

एका साहेबाच्या बंगल्यात मी सैपाकाले होती. मॅडम पुण्याकडच्या. पाहुणे जेवत होते, मी पोळ्या वाढून राहिली होती. पदर घसरला, विरळ झालेलं डोकं उघडं पडलं. मॅडम उठल्या, न्हाणीघरातून आंघोळीची प्लास्टिकची टोपी आणली अन् सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर चढवली.

"मावशी, ताटात केस नकोत. म्हणजे, जे काही उरलेत ते."

पाहुणे हसले. सांगायले लाज वाटते, मीही हसली. घाम कानामागून उतरत होता अन् मी पोळ्या वाढत होती. त्यानंतर रोज ती टोपी मीच घालायची. आपल्या हातानं. घरी आरशावर टॉवेल टाकून ठेवायची.

मग त्यांच्या पोराचे केस गेले. लग्नाचा पोरगा. कोणी हसलं नाही. मोठा डॉक्टर, गोळ्या, डोक्याले लावायचं औषध. मग ऑपरेशन. मागचे केस मुळासकट काढून पुढं रोवले. डॉक्टरनं बजावलं होतं, रोवलेले टिकतील, पण बाकीचे सांभाळायचे तर औषध सोडायचं नाही. मी त्याच्यासाठी मऊ खिचडी करायची. डोक्याले धक्का लागू नये म्हणून अख्खं घर जपून चालायचं.

त्याचा आजार. माझी घाण.

हिंमत केली. "मॅडम, हे औषध बायकांलेही असते का?"

"मावशी, या वयात तुम्हाला कोणाला दाखवायचंय?"

टोपी काढली. जेवणाच्या टेबलावर ठेवली. "मलेच पाहाचं हाय," म्हटलं. चपला घातल्या अन् निघाली. परत गेली नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं माझं डोकं हात लावून पाहिलं. रक्त तपासलं, औषध लिहून दिलं. ऑपरेशनचं नंतर पाहू म्हणे, सगळ्यांले ते जमत नाही. थोडे केस आले. बाकी टक्कलच हाय.

लाज अजून जात नाही, पोरी. कोणी पाहिलं की हात पदराकडं जाते. मी तो खाली आणते. रोज आणते. पण ती टोपी आता या डोक्यावर चढणार नाही. तुझ्याही चढू देणार नाही.

सोमवारी माझ्या घरी, गुढियारीले ये. स्कार्फ घरी ठेव. दोघी दवाखान्यात जाऊ, पायी, पाऱ्यातून, अख्ख्या मोहल्ल्यासमोरून. बायका पाहतील. पाहू दे. लवकर ये.