मागची तारीख

क्रेन बनवणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्यांना गर्डरकाका म्हणत. क्रेनचा आडवा गर्डर किती वजन पेलेल, किती वाकेल, याचा हिशेब करणारं एक जुनं सॉफ्टवेअर होतं आणि ते फक्त काकांच्या टेबलावरच्या घरघरत्या कॉम्प्युटरवर चालायचं. जुन्या क्रेनची दुरुस्ती निघाली की खुद्द साहेब त्यांच्या खुर्चीमागे ताटकळत उभे राहत. काकांना ते फार सुखावून जाई.

एका सकाळी त्या कॉम्प्युटरने मान टाकली. नव्याने लागलेली इंजिनिअर म्हणाली, "काळजी करू नका, काका. एम्युलेटर टाकते. माझा लॅपटॉप जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेईल, सॉफ्टवेअरला पत्ताही लागणार नाही."

तिनं फ्लॉप्यांवरून सगळं उतरवून घेतलं. पण सॉफ्टवेअर उघडायचं आणि लगेच मिटायचं. का, ते काकांना ठाऊक होतं. त्याला नवं साल चालत नसे. काका रोज आधी कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे न्यायचे, मगच ते सुरू करायचे. सांगायचं एवढंच होतं.

"काका, माझं काही राहतंय का हो?"

"नाही बुवा. जुन्या गोष्टी अशा जागच्या हलत नाहीत," ते म्हणाले आणि चहाचा कप घेऊन खिडकीशी गेले.

पोरगी जेवणाच्या सुट्टीतही डबा न उघडता स्क्रीनला डोळे लावून बसू लागली. उद्या सांगू, असं काका रोज ठरवत, आणि सकाळी तिला पाहिलं की जीभ रेटत नसे. घरी बायकोला मात्र गंमत म्हणून सांगून बसले. भांडी पुसता पुसता तिचा हात थांबला.

"आणि ती तुम्हाला काका म्हणते," ती म्हणाली. काका अर्ध्या ताटावरून उठले.

जुन्या क्रेनच्या दुरुस्तीचं गिऱ्हाईक खोळंबलं, तसं साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. "चूक माझीच आहे, सर. काकांनी त्यांना माहीत होतं ते सगळं सांगितलंय."

काकांचे कान तापले. "सगळं नाही सांगितलं," ते कसेबसे म्हणाले. "तारीख मागे न्यावी लागते. मला माहीत होतं. मुद्दाम बोललो नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन शिव्या दिल्या असत्या तरी बरं, असं काकांना वाटलं.

तिनं एम्युलेटरची तारीख बदलली. हिरवी अक्षरं स्क्रीनवर आली, आली ती टिकली. हिशेब चहा पिऊन होईतो हातात आला. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना 'सर' म्हणू लागली, अगदी नीट, अदबीनं.

काकांनी आपणहून तिच्या टेबलाशी खुर्ची ओढली. कुठला आकडा कुठे घालायचा, सॉफ्टवेअर कुठे फसवतं, सगळं सांगितलं, न विचारलेलंसुद्धा. ती ऐकून घ्यायची, मधूनच काहीतरी विचारायची. बोलताना काका तिच्याकडे न बघता स्क्रीनकडेच बघत.