विमानं पुसू नका!

हँगरमध्ये सगळे त्यांना ताई म्हणत. हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या दुरुस्तीच्या त्या प्रमुख, आणि स्वतःचं कौतुक करायला त्यांना दुसरं कुणी लागत नसे. "माझं विमान नुसतं बोट लावलं की चालू होतं!" नवरा विचारायचा, "मग घरातल्या मिक्सरनं काय घोडं मारलंय?" "त्याला म्हणावं, आधी सैन्यात भरती हो!"

पण खोटं कशाला बोला, बढाई खरी होती. विमानं म्हातारी झालेली, सुटे भाग मिळेनासे झालेले. शेवटी ताईंनी एक विमान कायमचं जमिनीवर बसवलं आणि त्याचे भाग काढकाढून बाकीची उडती ठेवली.

नवी विमानं येणार होती, पण मोजकीच. हवाई दल म्हणे आधी आम्हाला, नौदल म्हणे छे, आम्हाला! कुणाची निकड मोठी हे ठरवायला दोन्ही दलांची समिती तळ बघत फिरत होती. ती येणार त्याच्या आदल्या दिवशी ताईंचे साहेब हँगरमध्ये आले. स्क्वाड्रनचे प्रमुख, स्वतः वैमानिक, मनानं चांगले.

"ताई, उद्या विमानं पुसू नका. ते सोललेलं विमान पुढे आणा. आणि विचारलंच, तर सांगा, वर्षभरही टिकणार नाहीत."

"टिकतील की! दोन वर्षं तर हसत हसत."

"अहो, तेच तर सांगू नका! नवी विमानं हातची जातील."

ताईंनी हातातलं फडकं खुंटीला अडकवलं.

सकाळी हुकूम म्हणून फडक्याला कुणी हात लावला नाही. पण सवयीच्या हातांना चैन कुठली! एक जण म्हणाला, "एवढा तेलाचा ओघळ तेवढा पुसतो." दुसऱ्यानं काच पुसली. मग काय, समिती दारात आली तेव्हा सगळी विमानं लख्ख! साहेबांनी कपाळावर हात मारला.

नौदलाच्या एका अधिकारी बाईंनी एका विमानाकडे बोट दाखवलं. "हे चालू करा बरं." इंजिन पहिल्या फटक्यात गरजलं. ताईंची मान ताठ झाली, पण पुढचा प्रश्न ठरलेलाच होता.

"अजून किती टिकतील?"

साहेब ताईंकडे रोखून बघत होते. ताईंची निवृत्ती तोंडावर आलेली. उभा जन्म जुन्या विमानांत गेला, एकदा तरी नव्या कोऱ्या विमानाला हात लागावा, ही ताईंचीही केवढी हौस! एका शब्दाचं काम होतं.

"दोन वर्षं," ताई म्हणाल्या. "त्यापुढे एक दिवसही मी उड्डाणाला सही करणार नाही."

निकाल आला. पहिली विमानं नौदलाला. यांचा नंबर दोन वर्षांनी, म्हणजे ताई घरी बसल्यावर. हँगरमध्ये कुणाला जेवण गेलं नाही.

साहेब उड्डाणाच्या तयारीनंच तणतणत आले, हेल्मेट काखेत. "ताई, त्या दिवशी एवढं एक खोटं बोलला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?"

ताईंचा आवाज चढला. "साहेब, माझी सही बघून तुम्ही विमानात चढता ना? मी त्या दिवशी खोटं बोलले असते, तर आज चढला असतात?"

साहेबांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"कुठल्यात बसू?"

"बसा कुठल्याही," ताई म्हणाल्या.