बाटलीतली राख

परंडा ते कुर्डुवाडी म्या वडापची, शीटं भरून न्यायची जीप चालवतो. शाळेनं मला तिसरीतच वळखलं आन् घरी पाठवलं. म्हणून भाची शेजारी बसून मांडीवरच्या बाटलीबद्दल सांगायला लागली, तवा म्या नुसती मान हलवत हुतो. कॉलेजात राबून तिनं ती पावडर केली हुती. राखंच्या रंगाची. तिला स्पंजासारखी भोकं, डोळ्याला न दिसणारी, आन् दर भोकात धातूचे बारके कण. वेगळे ऱ्हायले तर औषधं बनवायच्या कामाला येतात. हवा लागली की भोकातनं निसटून एकमेकाला चिकटतात, पावडर काळी पडती, मग फुकट. पुण्याला मोठ्या मशीनीवर ती तपासायची हुती.

मागं सोनारीच्या भैरवनाथाला जाऊन आलेली माणसं दाटून बसलेली. त्यातली एक आजी म्हणली, बाटलीत काय हाय गं? भाचीनं तोंड उघडायच्या आत म्या बोललो, "माजी अक्कल हाय, आजी. मेली, म्हणून जाळून भरली."

कुणी हसलं न्हाय. अमावस्या हुती, ते माज्या ध्यानातच न्हाय. आरशात बघितलं तर सगळ्यांची नजर झाकणावरच्या काळ्या टेपवर. माणसं सरकत सरकत एका कडंला गेली. मागनं एक दांडगा गडी म्हणला, "गाडी थांबवा."

थांबवली. रस्त्याला कोण न्हाय, नुसतं ऊन.

"पोरी, कुनाची राख हाय?"

"राख न्हाय, काका. उघडलं तर खराब होतंय."

"उघडल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

म्या म्हणलो, थट्टा केली, कॉलेजातली पावडर हाय. पण जलमभर थट्टाच केलेल्याचं खरं कोण धरतंय? आन् खरं सांगू का, तवर मलाबी त्या बाटलीचं भ्या वाटाय लागलं हुतं. म्हणून त्या गड्यानं मागनं बाटलीला हात घातला, तवा तो धरायला म्या उशीर केला. त्यानं टेप वढली, झाकण फिरवलं, वास घेतला आन् बाटली माघारी दिली. "चला."

भाचीनं झाकण आवळलं. म्या गाडी कुर्डुवाडीला आणली.

ठेसनात तिनं बाटली उजेडात धरली. वरचा थर काळा पडला हुता, आन् काळं खाली उतरत हुतं. ती बघत ऱ्हायली. म्या तोंड उघडलं.

"मामा, आता काय बोलू नका," ती म्हणली.

रेल्वे आली. ती चढली, बाटली तशीच हातात.

जीप परत भरली. एक जण म्हणला, "डायवर, काय तरी बोला की." म्या चावी फिरवली.