अरुणा मेश्रामचे चाळीस किलो

अरुणा मेश्राम बावन्न वर्षांची असताना दिल्लीतल्या द्वारका मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी करायला लावली. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "हाडं विरळ व्हायला लागलीत. गोळ्या देते, पण हात बरा झाला की वजनं उचला. हलकी नाही, जड."

अरुणा मूळची भंडाऱ्याची. सत्तावीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात फायली हाताळलेली, लिहून दिलेलं तंतोतंत पाळणारी बाई. हात बरा झाल्यावर ती सोसायटीच्या तळघरातल्या जिममध्ये गेली. तिथला ट्रेनर चिराग. त्याने तिच्या हातात एकेक किलोचे गुलाबी डंबेल ठेवले.

"मुझे वो बार उठाना है," तिने लांब लोखंडी बारकडे बोट दाखवलं.

"आंटीजी, वो लड़कों का है. आप ट्रेडमिल कीजिए."

महिनाभर ती ट्रेडमिलवर चालली. रोज बार मागायची, रोज चिराग हसायचा. घरी नवरा, धम्मपाल, म्हणायचा, "अगं, या वयात कमरेत उसण भरली म्हणजे? त्यापेक्षा माझ्यासोबत पार्कात चल."

शेवटी तिने जड वजनं उचलायला सांगणारी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी चिरागसमोर धरली. "पढ़ो."

"कुछ हुआ तो मेरी ज़िम्मेदारी नहीं," तो कुरकुरला. पण पाठ कशी सरळ ठेवायची, जोर पायांनी कसा लावायचा, हे त्याने नीट शिकवलं.

नुसता बारच वीस किलोचा होता. चार महिन्यांत ती जमिनीवरून चाळीस किलो उचलू लागली, आणि तिथेच अडकली. नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडली, तीन आठवडे खोकल्यात गेले, परत आली तर तीससुद्धा उचलवेनात. पुन्हा चाळीसवर पोचेपर्यंत गुडघा दुखायला लागला. पुण्याहून मुलगी श्रावस्ती फोनवर म्हणाली, "आई, प्रोटीन पावडर घे." ती घेतली, तर पोट बिघडलं. जिममध्ये नुकतीच यायला लागलेली कॉलेजातली पोरगी पंधरा दिवसांत तिच्या पुढे गेली. त्या रात्री जेवताना अरुणा विनाकारण धम्मपालवर उखडली.

वर्षाने पुन्हा तपासणी झाली.

"हाडांची घनता जवळजवळ तेवढीच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे वर्षभर घाम गाळून मी आहे तिथेच?"

"घसरण थांबली, हे चांगलंच आहे."

"मला नुसतं थांबायचं नव्हतं, मॅडम."

ऑटोत तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. सोबत आलेला धम्मपाल हळूच म्हणाला, "मग सोडून दे ना."

"सोडलं तर खाली जाईल! ऐकलं नाही का तुम्ही?"

घरी न जाता ती थेट तळघरात उतरली. चकत्या लावून बारसकट पंचेचाळीस किलो केले. पहिल्यांदा बार हललाच नाही. दुसऱ्यांदा बोटभर वर आला आणि धाडकन खाली आदळला.

चिराग धावत आला. "आंटीजी, आज रहने दीजिए."

"तुम हटो."

तिने दोन्हीकडच्या अडीच-अडीच किलोच्या चकत्या काढल्या आणि चाळीस किलो पाच वेळा उचलले, पाठ सरळ ठेवून. कुणाचंच लक्ष नव्हतं. समोरची पोरं आरशात आपले दंड बघत होती.

"आज चहा तुम्हीच करा," घरी येऊन ती धम्मपालला म्हणाली. "माझ्या हातात आज कपही धरवणार नाही. आणि उद्या पार्कात यायला सांगू नका, उद्याही मी खालीच जाणार आहे."