निळा खवला

अख्ख्या नागपुरात माझ्या मामेसासऱ्यांइतका निष्ठावान मासेमार दुसरा नसेल, आणि या माणसाने जन्मात मासा चाखलेला नाही की हातात धरलेला नाही. मासे ते मोबाइलवरच्या गेममध्ये धरतात. निवृत्तीनंतर नंदनवन वस्तीतल्या घरी त्यांनी हा उद्योग सुरू केला, आणि मामींच्या म्हणण्याप्रमाणे नोकरीत असताना ते इतक्या वेळेवर कधी कामाला बसले नव्हते. बरं, माशांचंही त्यांना अप्रूप नाही. लागलेला मासा ते "जा बाबा, लेकरांत जा" म्हणून परत सोडतात. त्यांना हवा असतो निळा खवला. साध्या गळाचा भारी गळ करायचा तर तो लागतो, आणि गेममधल्या तलावावर पाऊस पडत असेल तरच, तोही नशिबात असला तर, दोरीला येतो. "मासे सोडूनच द्यायचे, तर भारी गळ कशाला?" मी एकदा विचारलं. "जावईबापू, चांगला गळ असला का माशाले कमी टोचते," मामा गंभीरपणे म्हणाले.

या खवल्यासाठी त्यांनी काय केलं नाही! कुहीला दुसऱ्या एका भाचीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत गेममध्ये पाऊस सुरू झाला, तेव्हा हातातल्या सगळ्या अक्षता पहिल्याच 'सावधान'ला उधळून ते मांडवामागे पसार झाले. खऱ्या पाण्याजवळ बसलं तर खवला लवकर लागतो असा शोध लागल्यावर एका रविवारी सकाळी मला घेऊन अंबाझरीवर गेले. शेजारी एक जण खराखुरा गळ टाकून बसला होता. मामांचे मोबाइलला बसणारे हिसके बघून त्याला राहवलं नाही. "काका, तुमचा गळ कुठी हाय?" मामांनी स्क्रीन दाखवली. त्याने ती नीट पाहिली आणि आपला डबा उचलून तो जरा लांब जाऊन बसला.

गेल्या वर्षी मामींच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं. बाहेर आम्ही सगळे बसलो होतो आणि मामा मान खाली घालून गळ टाकत होते. मामींचे भाऊ शेवटी भडकले. "दाजी, माही बहीण आत हाय, आन् तुम्ही मासे धरून राहिले?"

मामांनी मान वर केली नाही. "हात थरथरून राहिले गा. हे धरलं का थांबतात."

थोड्या वेळाने मोबाइल जोरात थरथरला. मी वाकून पाहिलं. तलावावर पाऊस पडत होता आणि ताणलेल्या दोरीच्या टोकाला काहीतरी निळं चमकत होतं. तेवढ्यात दार उघडून नर्सने मामींचं नाव पुकारलं. "सोबत कोण आहे?" मामा ताडकन उठले, मोबाइल माझ्या मांडीवर टाकला आणि आत गेले. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. मी दिसेल तिथे बोट दाबलं, दोरी तुटली.

बऱ्याच वेळाने मामा बाहेर आले. डोळे पुसत म्हणाले, "शुद्धीवर आली. पाणी मांगून राहिली."

आनंदीआनंद झाला. गडबड ओसरल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, तो खवला लागला होता. माझ्या हातून सुटला."

"कोणता खवला?" मामा म्हणाले.

मामी आता बऱ्या आहेत. पुढे गेममध्ये बदल झाले आणि निळा खवला त्यातून काढूनच टाकला. ही बातमी मीच मामांना दिली. "असू द्या," म्हणून ते जुन्याच गळाने जुन्याच तलावावर बसले. परवा दुपारी गेलो तेव्हा मामी दिवाणावर आडव्या झाल्या होत्या आणि उशाशी खुर्ची ओढून, आवाज बंद करून, मामांचं चाललं होतं. मामींनी डोळे न उघडताच विचारलं, "लागलं का वो काही?"

"लागन," मामा हळूच म्हणाले. "तू झोप."