मुकादमाच्या दंडावरचा पट्टा

मी जिंकले, हे आधीच सांगून टाकते. साळसूदपणा मला जमत नाही, आणि रस्त्याच्या कामांवर साइट इंजिनिअर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर तो शिकायची इच्छाही नाही.

अंधेरी पूर्वेला आमचं काँक्रिटीकरण चालू होतं. अर्धा रस्ता खोदलेला, उरलेल्या अर्ध्यातून रिक्षा, टेम्पो, शाळेच्या बस. आमची माणसं आणि ती वाहनं यांच्यामध्ये नारिंगी कोनांची एक रांग, बस्स. त्या कोनांत मी हट्टानं यंत्रं बसवून घेतली. कोन हलला किंवा पडला की माझ्या मोबाइलवर खबर यायची आणि त्याच क्षणी प्रत्येकाच्या दंडाला बांधलेला पट्टा थरथरायचा. कंत्राटदार त्याला मॅडमची खेळणी म्हणायचा.

पहिल्याच आठवड्यात वाट लागली. आपल्या उपनगरांत गाडीची जागा धरायला बादली, कुंडी, मोडकी खुर्ची, काहीही चालतं. आमचे कोन म्हणजे तर पर्वणीच. एका सकाळी सगळ्यांचे पट्टे थरथरले. मोबाइलवर बघते तर एक कोन रांग सोडून एका सोसायटीच्या फाटकाकडे निघालेला. वॉचमननं तो सेक्रेटरींच्या गाडीसाठी नेला होता, आणि सेक्रेटरी गॅलरीतून मलाच समजावत होते की दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. मी त्यांना काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.

हे रोज दोन-तीनदा व्हायला लागलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माणसांची गत झाली. मुकादमांनी पट्टा काढून डब्याच्या पिशवीशेजारी बॅरिकेडला लटकवला, त्यांचं बघून बाकीच्यांनीही. कंत्राटदारानं मला शनिवारपर्यंतची मुदत दिली. तोवर पट्टे कुणाच्या दंडावर दिसले नाहीत तर सगळं सामान परत जाणार होतं.

मी गोदामातले जुने, साधे कोन काढले आणि प्रत्येक वॉचमनला दोन-दोन देऊन टाकले. नियमात बसत नव्हतं. पण चोरी थांबली आणि उगाचची थरथरही थांबली. मुकादमांचा पट्टा मात्र बॅरिकेडवरच राहिला.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मूळ सिंधुदुर्गातले, वडील गिरणीत, स्वतः साठीला आलेले. कामाच्या तोंडाशी लाल झेंडा घेऊन तेच उभे राहायचे. मंगळवारी मी त्यांच्याशी भांडायलाच गेले. डाव्या बाजूनं चार हाका मारल्या. ढिम्म. मुद्दाम बघत नाहीत असं वाटून माझं डोकं फिरलं. उजवीकडे जाऊन हळूच काहीतरी पुटपुटले तर ते लगेच वळले. तेव्हा कळलं. रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरच्या धडधडाटात जन्म काढलेल्या या माणसाचा डावा कान गेला होता, आणि गाड्या नेमक्या त्याच बाजूनं यायच्या.

“वर सांगू नका मॅडम,” ते म्हणाले. “झेंडा काढून घेतील नि घरी बसवतील.”

“पट्टा बांधा, मी गप्प. काढलात की सांगितलंच.”

मामांनी पट्टा बांधला. माझी ती सरळ धमकी होती आणि मला तिची लाज वाटत नाही. भीती मात्र वाटत होती. काही झालं असतं तर माझं गप्प राहणंच नडलं असतं.

गुरुवारी दुपारी ब्रेकर चालू होता. मामा झेंडा धरून उभे, त्यांच्यामागे ताज्या काँक्रीटवर पाणी मारणारी आमची बाई. एका टेम्पोवाल्यानं थांबलेल्या बसला चुकवायला गाडी सरळ आमच्या रांगेत घातली. मी पन्नास पावलांवर होते. जिवाच्या आकांतानं ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पहिला कोन आडवा झाला, आणि विंचू चावावा तसा मामांनी दंड झटकला. वळून बघण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. बाईचा हात धरला आणि दोघं बाजूच्या मातीच्या ढिगावर जाऊन पडले. ते उभे होते तिथून टेम्पो गेला आणि सळयांत अडकून थांबला. मी धावत पोचले तेव्हा मामा शांतपणे झेंड्याची माती झटकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला कंत्राटदार स्वतः आला. मामा रांगेतून पुढे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “माका डाव्या कानान आयकाक येना नाय. चार वर्षां झाली. आता झेंडो घेवचो आसात तर घेवा.”

पाणी मारणारी बाई बोलली. “झेंडा मामांकडेच राहणार. दुसरा कुणी उभा केलात तर मी तिथे पाणी मारणार नाही.”

कंत्राटदारानं रांगेवरून नजर फिरवली. एकूण एक दंडावर पट्टा होता. त्यानं हजेरीत झेंड्यापुढे मामांचं नाव लिहिलं, आणि मी हेल्मेट डोळ्यांवर ओढून भर रस्त्यात पोटभर रडले.