सेंचा, ग्योकुरो आणि खुटबावचं स्थळ

जपानी हिरव्या चहाच्या दोन प्रकारांतला फरक मला कळतो, असं मी आयुष्यात एकदाच म्हणालो. तेही मुलगी बघायला गेलो असताना.

तेव्हा मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. जपानहून आलेले साहेब परत निघाले, तेव्हा त्यांनी आमच्या लाइनवरच्या प्रत्येकाला चहाच्या दोन-दोन पुड्या भेट दिल्या. दुभाष्यानं घाईघाईत समजावलं. एक सेंचा, दुसरा ग्योकुरो. सेंचा उघड्या उन्हात वाढतो, म्हणून जरा तुरट. ग्योकुरोवर तोडणीआधी काही आठवडे सावली धरतात, म्हणून तो गोडसर. पाणी उकळतं घालायचं नाही, आणि दूध-साखर तर मुळीच नाही! एवढं सांगून तो साहेबांच्या गाडीत बसून गेला. कुठली पुडी कशाची, हे विचारायचं राहूनच गेलं. (पुड्यांवर तसं ठळक छापलेलं होतं. जपानीत!)

शिरूरला घरी आणल्यावर आईनं एका पुडीचा वास घेतला.

"वाळल्या मेथीवाणी वास येतुया," ती म्हणाली. "आपण कशाला प्यायचं? कुणाला तरी देऊ." आणि पुड्या कपाटात गेल्या.

आता स्थळाचं सांगतो. त्याआधी चार घरचे पोहे खाऊन झाले होते. चौघांनीही "कळवतो" म्हणून सांगितलं होतं, आणि कुणीही काहीही कळवलं नव्हतं. पाचवं स्थळ खुटबावचं. मुलीचं नाव मंगल, डी.एड. झालेली. फोटो पाहिला त्या क्षणापासून मला ती भयंकर आवडली होती. हे मी आईला सांगितलं नव्हतं. पण फोटो रोज माझ्या शर्टाच्या खिशात निघत असल्यामुळे कपडे धुताना तिला ते समजलं होतं. हे स्थळ हातचं गेलं तर मी पुन्हा कुणाचे पोहे खाणार नाही, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

आई, मी आणि मामा असे तिघं निघालो. मामा मध्यस्थ. आईनं पेढ्यांच्या बॉक्सबरोबर त्या दोन पुड्याही पिशवीत टाकल्या.

मंगलच्या घरी ओसरीवर तिचे वडील बसले होते. ते साखर कारखान्यात नोकरीला होते. कोपऱ्यात आजोबा, म्हणजे आप्पा. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. पोहे आले, संपले. पुड्या बाहेर निघाल्या आणि मामा सुटले!

"आमचा दत्ता म्हंजी साधा न्हाई, पाव्हणं! दोन पार्टमधला केसाएवढा फरक नुसत्या डोळ्यांनी सांगतो. जपानी सायेब तर ह्याच्याबिगर चहा घेत नव्हतं!"

(साहेब आणि मी यांच्यात चहावरून झालेला एकमेव व्यवहार म्हणजे त्यांनी पुड्या दिल्या आणि मी घेतल्या.)

"मग ह्या दोन चहातला फरक बी कळत आसंल?" मंगलच्या वडिलांनी विचारलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात आतल्या दाराच्या पडद्याआड बांगड्या वाजल्या.

"कळतो की!" मी म्हणालो.

मग मी ओसरीवरूनच सूचना द्यायला लागलो आणि आत एकच गोंधळ उडाला.

"पाणी उकळायचं न्हाई?" मंगलच्या आईचा आवाज आला. "पाव्हण्यांना कोमट पाणी पाजायचं व्हय?"

"होय, तसंच असतं ते."

"आन् दूध?"

"दूध नाही."

"आवं, दोन म्हशी हायती की दारात! बरं, साखर तरी?"

"साखरही नाही."

मग त्या नवऱ्याला उद्देशून म्हणाल्या, "अवं, साखर कारखान्यात नोकरी आन् पाव्हण्यांना बिनसाखरेचा चहा! गावाला तोंड कसं दाखवायचं?"

शेवटी मंगल ट्रे घेऊन बाहेर आली. फोटोपेक्षा सुंदर! खाली मान वगैरे काही नाही. तिनं माझ्यासमोर दोन कप ठेवले, बाकीच्यांनाही दोन-दोन दिले आणि वर्गात प्रश्न टाकावा तसं विचारलं, "हा डावा, हा उजवा. सावलीतला कुठला, सांगा."

मी डाव्या कपातला घोट घेतला. पालक शिजवून निथळलेलं पाणी असावं, अशी चव! उजव्यातला घेतला. तीच चव! पण 'तीच' असं म्हणायला काळीज जागेवर लागतं, आणि माझं तर ट्रे हातात धरून समोर उभं होतं.

"डावा सेंचा," मी डोळे मिटून म्हणालो. "उन्हाचा कडकपणा लगेच जाणवतो. उजवा ग्योकुरो. काय गोडवा आहे! डाव्याला आणखी एक मिनिट द्यायला हवं होतं, पण हरकत नाही."

"व्हय व्हय, डावा घशाला लागतो," मामा म्हणाले.

"उजवा गोडच हाय," मंगलचे वडील म्हणाले. "सावलीचं पीक लगीच वळखू येतं."

माझ्या आईनंही "उजवा बरा" म्हणून मान डोलावली. मला तर स्फुरणच चढलं. मी जपानमधल्या सावलीबद्दल आणखी चार वाक्यं बोललो, जी मी त्याच क्षणी तयार केली होती.

"दोन्ही सारखंच हाय की," कोपऱ्यातून आप्पा म्हणाले. "मेंढरं बी पेणार न्हाईत."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. "आप्पा, याला जीभ तयार व्हावी लागते!" मी म्हणालो.

"आप्पांची तयार हाय," मंगल म्हणाली. "दोन्ही कप एकाच पातेल्यातलं हायती. दुसरी पुडी मी फोडलीच न्हाई."

मामा पायानं चपला चाचपायला लागले. गेलं हे स्थळ! आणि माझ्याच तोंडानं गेलं!

पहिले हसले ते मंगलचे वडील. "आगं, मी बी उजवा गोड म्हणालो की!" असं म्हणत ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी लेकीला विचारलं, "आता काय करायचं, बाय?"

मंगलनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"खोटं बोलत्यात," ती म्हणाली, "पण बोलताना ह्यांचं कान लालभडक होत्यात. लगीच सापडत्यात. मला पसंत हाय."

परतीच्या जीपमध्ये मी हवेत होतो. वाटेतलं न्हावरं गाव येईपर्यंत मामांना तेच तेच ऐकवत होतो, "पोरीनं माझं किती कौतुक केलं, ऐकलंत ना!"

"दत्ता," आई म्हणाली, "ते कौतुक न्हाई रं. इथून पुढं तुझं घरात कायबी चालायचं न्हाई, एवढंच सांगितलंय तिनं."

"कळलंय मला! तिथंच कळलं होतं!" मी म्हणालो.

आईनं फक्त माझ्या कानांकडं पाहिलं.